लोप आणि नाश : चुंबकीय तबकडीवरील माहितीच्या पुनःप्राप्तीचा इतिहास

व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकास ‘लोप’ या संज्ञेची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. पाणिनीने लोपाची व्याख्या करताना नाशाचा उल्लेख केलेला नाही. जे असावयास हवे ते न दिसणे, एवढ्यालाच तो लोप म्हणतो. प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययाच्या निमित्ताने होणारे कार्य सामान्यतः टळत नाही, असेही तो पुढे सांगतो. लुप्त वस्तू दृष्टीआड होते. व्यवस्थेतील तिचे स्थान मात्र राहते. व्यवहारातील मराठीने हा भेद राखलेला नाही. लोप पावणे, नष्ट होणे, नाहीसे होणे हे प्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास येतात, आणि संगणकाच्या बाबतीत तर ‘गेले’ या एकाच क्रियापदावर सर्व भार पडतो. हार्ड डिस्क बंद पडली तरी माहिती ‘गेली’, चुकून फाइल पुसली तरी ‘गेली’, आणि फाइल उघडली पण अक्षरे वाचता येईनात तरीही ‘गेली’च. या तिन्ही घटना स्वरूपतः भिन्न आहेत, आणि हरवलेली माहिती परत मिळविण्याच्या तंत्राचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास हा बव्हंशी त्यांतील भेद ओळखण्याचा इतिहास आहे. भाषाभ्यासकांचे ध्वनिमुद्रित साहित्य, शब्दसंग्रह आणि बोलींच्या पाहणीची टिपणे आता बहुतेक अशाच तबकड्यांवर साठविलेली असल्यामुळे हा इतिहास केवळ यंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही.

प्रारंभ सप्टेंबर १९५६ पासून धरावयास हवा. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालील आयबीएमच्या प्रयोगशाळेने सिद्ध केलेले ‘रॅमॅक’ हे यंत्र त्या महिन्यात जाहीर झाले. त्यातील साठवणीच्या भागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १,२०० वेळा फिरत, आणि या सर्व पसाऱ्यात मावणारी अक्षरे होती ५० लाख. तबकड्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा रंग चढविलेला असे; तो रंग गाळण्यासाठी पायमोज्याचे कापड आणि ओतण्यासाठी कागदी पेला वापरला गेला, असे त्या प्रयोगशाळेच्या आठवणींत नमूद आहे. यापूर्वीची छिद्रपत्रे आणि चुंबकीय फिती क्रमाने वाचाव्या लागत. पोथीचे शेवटचे पान पाहण्यासाठी आधीची सर्व पाने उलटावीत तसा तो प्रकार होता. तबकडीने कोणत्याही नोंदीपाशी थेट जाण्याची सोय केली, आणि त्या सोयीबरोबरच नाशाचा एक नवा प्रकारही निर्माण केला.

हा प्रकार समजण्यास यंत्राची घडण थोडी पाहावी लागते. तबकडीवर लिहिणारे आणि लिहिलेले वाचणारे हेड तबकडीला स्पर्श करीत नाही. हवेच्या पातळ थरावर ते तरंगत राहते. रॅमॅकमध्ये हे अंतर सुमारे २० मायक्रॉन होते आणि ते राखण्यासाठी दाबाखालील हवा सोडावी लागे. पुढे तबकडीच्या फिरण्याने ओढल्या जाणाऱ्या हवेवरच हेड तोलून धरण्याची युक्ती साधली. १९७३ मध्ये आयबीएमने ‘विंचेस्टर’ या टोपणनावाने ओळखले जाणारे ३३४० हे यंत्र आणले, त्यात हेड व तबकडी एकाच बंद पेटीत घालून बाहेरच्या धुळीपासून वेगळी केली. आजच्या हार्ड डिस्कमध्ये हे अंतर काही नॅनोमीटर इतकेच उरले आहे. मानवी केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर असते हे लक्षात घेतले म्हणजे धुळीचा एखादा कणही या यंत्रास केवढा पर्वत वाटावा याची कल्पना येते. हेड तबकडीवर आपटले की चुंबकीय थर खरवडला जातो. खरवडलेली भुकटी पेटीभर उडते आणि पुन्हा हेडखाली येऊन आणखी थर खरवडते. थराची भुकटी झाली की तिच्यावरचे लेखन कोणत्याही उपायाने परत येत नाही. येथे लोप नव्हे, नाशच घडतो. अंतर कमी करीत नेल्याखेरीज साठवण वाढत नव्हती, आणि अंतर कमी होईल तसा हा धोका वाढत होता. रॅमॅकच्या तबकडीवर एका चौरस इंचात सुमारे २,००० द्विमान अंक मावत. आता तेवढ्याच जागेत एक लाख कोटींहून अधिक मावतात.

तथापि लोकांची माहिती जाण्याचे कारण बहुधा यापेक्षा साधे असे. १९८० नंतर लहान संगणक कचेऱ्यांत व घरांत आले, आणि फाइल पुसण्याची आज्ञा प्रत्येकाच्या बोटाखाली आली. ही आज्ञा प्रत्यक्षात काय करते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष मनोरंजक आहे.

डॉस या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलची नोंद एका सूचीत असे. नोंदीत फाइलचे नाव, तिची लांबी आणि तबकडीवरील तिच्या पहिल्या तुकड्याचा ठिकाणा दिलेला असे. एका तुकड्यानंतर पुढचा कोणता, ही साखळी मात्र दुसऱ्या एका कोष्टकात लिहिलेली असे. फाइल पुसण्याची आज्ञा दिली की मजकुराला हातही लागत नसे. कोष्टकातील साखळी शून्यवत केली जाई आणि सूचीतील नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठरावीक चिन्ह घातले जाई. षोडशमान पद्धतीत ते चिन्ह ‘ई५’ असे लिहितात. दशमान पद्धतीत तो आकडा २२९ होतो. ज्या नोंदीचा आरंभ या चिन्हाने होतो ती नोंद नाही असे समजावे, एवढाच संकेत. मजकूर होता तेथेच राही. नवा मजकूर त्या जागेवर लिहिला जाईपर्यंत तो अदृश्य स्वरूपात नांदत असे. पाणिनीच्या अर्थाने हा शुद्ध लोप होय.

या चिन्हाची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. डॉसपूर्वी सीपी/एम ही कार्यप्रणाली प्रचलित होती. तिच्या काळात आठ इंची कोऱ्या फ्लॉपी डिस्क सर्वत्र ‘ई५’ या चिन्हाने भरूनच तयार केलेल्या असत. त्यामुळे ‘ई५’ म्हणजे कोरी जागा असा अर्थ त्या प्रणालीत आपोआप रूढ झाला, आणि रिकामी नोंद दाखविण्यासही तेच चिन्ह वापरले गेले. मात्र सीपी/एमच्या नोंदीत नावाच्या आधी वापरकर्त्याच्या क्रमांकासाठी एक वेगळे घर होते. लोपाचे चिन्ह त्या घरात बसे आणि नाव अबाधित राही. डॉसच्या नोंदीत ते घर उरले नाही. नोंद नावानेच सुरू होऊ लागली. चिन्ह जुनेच राहिले, पण त्याचे घर गेल्यामुळे ते नावाच्या पहिल्या अक्षरावर येऊन बसले. भाषेच्या इतिहासात जुना प्रत्यय नव्या रचनेत असाच अवघडून राहिलेला अनेकदा आढळतो.

याचा एक गमतीचा परिणाम झाला. पीटर नॉर्टन यांच्या १९८२ सालच्या उपयुक्त आज्ञावलींच्या संचात पुसलेली फाइल परत आणणारा एक कार्यक्रम होता, आणि एमएस-डॉसच्या १९९१ सालच्या पाचव्या आवृत्तीत तशी आज्ञा मूळ प्रणालीतच आली. या कार्यक्रमांना सूची वाचून बाकीचे नाव सापडे, लांबी सापडे, आरंभाचा ठिकाणा सापडे. परंतु नावाचे पहिले अक्षर त्यांनाही अज्ञात असे. म्हणून ते फाइलच्या मालकालाच विचारीत : पहिले अक्षर कोणते? यंत्राने विसरलेले एकच अक्षर माणसाने पुरवावयाचे आणि मग सबंध मजकूर उभा राहावयाचा. खंडित शिलालेखातील एखादे अक्षर चौकटी कंसात पुरविणाऱ्या संपादकाला हे काम परके वाटणार नाही.

जपानी भाषेने या संकेतास वेगळीच अडचण आणली. जपानी लिपीच्या प्रचलित संगणकीय संकेतनात ‘ई५’ हे कांजी अक्षराच्या पूर्वार्धाचे वैध चिन्ह आहे. एखाद्या जपानी फाइलचे नाव त्या अक्षराने सुरू झाले, तर जिवंत फाइल प्रणालीला मृत दिसावयाची! यावर उपाय म्हणून अशा नावांच्या आरंभी ‘ई५’ऐवजी ०५ हे चिन्ह ठेवावे आणि वाचताना ते पुन्हा ‘ई५’ समजावे, असा नियम करण्यात आला. लोपाशी गल्लत होऊ नये म्हणून येथे आदेश करावा लागला. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या व्यवस्थेला अन्य लिपी भेटली की काय होते, याचे हे लहानसे परंतु बोलके उदाहरण आहे. मराठीच्या वाट्याला आलेले उदाहरण याहून मोठे आहे व त्याचा विचार पुढे येईल.

पुसलेले पुसले जात नाही, ही गोष्ट यंत्रज्ञांना ठाऊक असली तरी राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती. इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्यातील पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेत उघडकीस येऊ लागले, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतील जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपले संगणकीय निरोप पुसून टाकले. पॉइंडेक्स्टर यांनी पुसलेल्या निरोपांची संख्या पाच हजारांच्या वर जाते. नॉर्थ यांची सातशेच्या वर. परंतु व्हाइट हाउसच्या त्या यंत्रणेतील मजकुराच्या प्रती नियमितपणे चुंबकीय फितींवर उतरवून ठेवल्या जात होत्या. त्या फितींवरून निरोप परत मिळाले आणि १९८७ मध्ये टॉवर आयोगाने आपल्या अहवालात त्यांचा भरपूर उपयोग केला. येथे लोपही एकाच प्रतीचा होता. दुसरी प्रत शाबूत होती.

इतिहासकारांच्या दृष्टीने या प्रकरणाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. जानेवारी १९८९ मध्ये रेगन यांची कारकीर्द संपत असताना या फिती नष्ट केल्या जाणार होत्या. स्कॉट आर्मस्ट्राँग हे पत्रकार आणि वॉशिंग्टनमधील एक संशोधनसंस्था यांनी न्यायालयात धाव घेऊन ते थांबविले. शासनाचा युक्तिवाद असा होता की महत्त्वाचे निरोप कागदावर छापून ठेवले म्हणजे संगणकातील मूळ जपण्याची गरज उरत नाही. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने तो अमान्य केला. छापील प्रतीत निरोप कोणास पोचला, केव्हा पोचला हे नेहमी उतरत नाही. म्हणून ती मुळाची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यास हे पटावयास वेळ लागू नये. पोथीचा मजकूर उतरवून घेतला आणि लेखकाचे नाव, स्थळ व शक देणारी पुष्पिका सोडून दिली, तर त्या नकलेचे ऐतिहासिक मोल किती उरेल?

प्रतींचे बाहुल्य हे रक्षणाचे सर्वांत जुने साधन आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा श्रद्धेची आहे. पण अभंग लोकांच्या मुखी असल्यामुळे बुडाले नाहीत, असा तिचा अर्थ लावणारे अभ्यासक प्रतिबाहुल्याचाच सिद्धांत सांगत असतात. वेदपाठकांनी याच्या पुढची पायरी गाठली होती. जटापाठात दोन पदे सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हटली जातात; घनपाठात तिसरे पद घेऊन तीच क्रिया वाढविली जाते. एका पदाची चूक झाली तर ती शेजारच्या पदांशी जुळत नाही आणि लगेच कानावर येते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चार द्विमान अंकांना तीन तपासणीचे अंक जोडून एक चूक आपोआप दुरुस्त करण्याची रीत दिली. सुट्टीच्या दिवसांत चालविलेले आपले गणित यंत्र चूक आढळताच टाकून देते, या वैतागातून ती निघाली. आजची प्रत्येक हार्ड डिस्क अशाच तत्त्वावरील अधिक गुंतागुंतीची संकेतने वापरून आपल्या चुका वाचतावाचता दुरुस्त करीत असते. या दोन्ही परंपरांत साम्य आहे, परंतु वेदपाठकांनी हॅमिंग यांचा शोध आधीच लावला होता असे जे उत्साहाने म्हटले जाते ते टिकणारे नाही. पाठाचा हेतू मानवी स्मृतीला सर्व बाजूंनी बांधून ठेवणे हा होता, आणि त्यासाठी पुनरुक्तीची काटकसर करण्याचे कारण नव्हते. हॅमिंग यांचा सगळा प्रश्नच काटकसरीचा होता.

एकच प्रत असली आणि तीही आगीत पडली तर काय, या प्रश्नाचे उत्तर देणारी एक घटना २००३ साली घडली. १६ जानेवारी रोजी निघालेले कोलंबिया हे अवकाशयान १ फेब्रुवारी रोजी परतताना टेक्सासच्या आकाशात भंगले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानात जे अनेक प्रयोग होते त्यांपैकी एक झेनॉन या वायूच्या श्यानतेसंबंधी होता. भिंतीला लावताना रंग ब्रशाखाली सैल पडतो आणि भिंतीवर मात्र ओघळत नाही. ढवळल्याने पातळ होण्याचा हा गुण गुंतागुंतीच्या द्रवांत नेहमी दिसतो. झेनॉनसारख्या अगदी साध्या पदार्थातही क्रांतिक बिंदूजवळ तो दिसावा, असे सिद्धांत सांगत होता. झेनॉनचा क्रांतिक बिंदू सुमारे १६.६ अंश सेल्सिअसला येतो. त्या बिंदूजवळ तो इतका दाबला जाण्यासारखा होतो की पृथ्वीवर स्वतःच्याच वजनाने त्याचा खालचा भाग दाट व वरचा विरळ होतो. म्हणून प्रयोग अवकाशात करणे प्राप्त होते. अमेरिकेच्या मानक व तंत्रज्ञान संस्थेतील रॉबर्ट बर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये यासारखा एक प्रयोग अवकाशयानातून केलाच होता. २००३ मधील प्रयोगाची काही माहिती उड्डाण चालू असतानाच रेडिओने खाली आली होती; उरलेली यानातील एका ४०० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर होती.

ती डिस्क सुमारे सहा महिन्यांनी टेक्सासमधील एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात सापडली. मिनेसोटातील ऑनट्रॅक या पुनःप्राप्तीचे काम करणाऱ्या संस्थेत ती जॉन एडवर्ड्स यांच्या हाती आली, तेव्हा तिला हार्ड डिस्क म्हणून ओळखणे कठीण होते. प्लास्टिकचे भाग वितळले होते. पेटीची कड जळून आत माती शिरली होती. परंतु तबकड्या वाकल्या नव्हत्या. त्या रसायनाने धुऊन नव्या यंत्रात बसविल्यावर सुमारे ९९ टक्के माहिती वाचता आली. कोलंबियातील आणखी दोन डिस्क याच ठिकाणी आल्या होत्या. त्यांतून काहीही मिळाले नाही. झेनॉनच्या प्रयोगाचा निष्कर्ष एप्रिल २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सिद्धांताचे भाकीत खरे ठरले.

या घटनेचे वर्णन वृत्तपत्रांनी चमत्कार म्हणून केले. अभ्यासकाने तिची कारणे पाहावयास हवीत, आणि ती पाहिली म्हणजे चमत्काराचा अंश बराच कमी होतो. प्रयोगाचा संगणक डॉसवर चालत होता. डॉस रिकाम्या डिस्कवर मजकूर ओळीने लिहीत जातो; तो चहूकडे विखुरत नाही. डिस्क निम्मीच भरलेली होती. तबकड्यांवर जेथे खड्डे पडले होते ती बरीचशी जागा कोरी होती, आणि लिहिलेला भाग सुदैवाने शाबूत राहिला होता. डिस्क त्या वेळी सुमारे आठ वर्षांची जुनी होती, म्हणजे तिच्यावरील लेखन आजच्या मानाने ऐसपैस होते. साखळी तुटली तरी जे ओळीने लिहिले आहे ते साखळीविना वाचता येते. विखुरलेले येत नाही. पुसलेल्या फाइलच्या बाबतीत जो नियम, तोच आगीतून आलेल्या डिस्कच्या बाबतीतही लागू पडला. अद्ययावत, गच्च भरलेली आणि गुंतागुंतीच्या प्रणालीने लिहिलेली डिस्क त्याच आगीतून आली असती तर निष्कर्ष कदाचित प्रसिद्ध झाला नसता. जाता जाता हेही नोंदवावे की अपघाताच्या चौकशीस सर्वांत उपयोगी पडली ती १९ मार्च २००३ रोजी टेक्सासमधील हेम्फिल या गावाजवळ सापडलेल्या एका नोंदयंत्रातील जुन्या पद्धतीची चुंबकीय फीत. मागासलेल्या साधनाची ही चिवटपणाची परंपरा आहे.

हार्ड डिस्क केव्हा बंद पडेल हे आधी सांगता येते काय? निर्माते सरासरी आयुष्य दहा ते पंधरा लाख तास असल्याचे सांगत. त्यावरून वर्षाला शंभरातील एकीपेक्षा कमी डिस्क निकामी व्हावयास हव्यात. रॅमॅकच्याच गावी, सॅन होजे येथे, २००७ मध्ये भरलेल्या परिषदेत वाचल्या गेलेल्या दोन निबंधांनी हा भ्रम दूर केला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांना सुमारे एक लाख डिस्कच्या पाहणीत वर्षाकाठी दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागतात असे सामान्यतः दिसले. काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले. गूगलमधील संशोधकांनी एक लाखांहून अधिक डिस्क पाहिल्या. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ज्या सूचना देते त्यांतील चार प्रमुख सूचनांपैकी एकही न देता बंद पडलेल्या डिस्क निम्म्याहून अधिक होत्या. मरण सांगून येत नाही, हे यंत्रालाही लागू पडते एवढाच याचा अर्थ. एका डिस्कचे मरण सोसता यावे म्हणून अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याची योजना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी बर्कली येथे १९८८ मध्येच मांडली होती. ती आता सर्वत्र रूढ आहे. ती डिस्कच्या मरणावर उपाय आहे, माणसाच्या चुकीवर नाही. चुकीची आज्ञा सर्व डिस्कवर सारख्याच तत्परतेने पाळली जाते.

लोपाची दुसरी बाजू अशी की जे जावे असे वाटते तेही जात नाही. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या एमआयटीतील दोघा संशोधकांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या अवघ्या १२. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. एक डिस्क तर बँकेच्या एटीएम यंत्रातून आलेली होती. याच्या उलट टोकाची समजूतही प्रचलित झाली. १९९६ मध्ये पीटर गटमन यांनी जुन्या पद्धतीच्या तबकड्यांसाठी पस्तीस वेळा पुनर्लेखन करण्याची रीत सांगितली होती. लोकांनी ती सर्व तबकड्यांना लावली आणि मंत्राच्या जपासारखी पस्तीस ही संख्या पाळू लागले. त्याबद्दल गटमन यांनी स्वतःच पुढे त्यांची थट्टा केली. अमेरिकन मानक संस्थेने २००६ मध्ये, अलीकडच्या हार्ड डिस्कवर एकदा केलेले पुनर्लेखन पुरेसे आहे असा निर्वाळा दिला. चर्मपत्रावरील मूळ लेख खरवडून त्यावर दुसरा लेख लिहिला तरी जुनी शाई विशिष्ट प्रकाशात दिसते. चुंबकीय तबकडीवर तसे घडत नाही. तिच्यावर नवे लिहिले की जुने खरोखरच संपते.

आता तिसऱ्या प्रकाराकडे, ज्यात तबकडीही शाबूत आणि फाइलही शाबूत, तरी वाचन होत नाही. मराठी अभ्यासकाचा संबंध सर्वांत निकट येतो तो येथे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे समान संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांचे तंत्र लोकांपर्यंत नेले. तरीही १९९० नंतरच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी पुस्तके, नियतकालिके, प्रबंध यांची जुळणी प्रायः निरनिराळ्या निर्मात्यांच्या फॉन्टमध्ये झाली, आणि प्रत्येक निर्मात्याने आपापली मांडणी ठेवली. या फॉन्टमध्ये वर्णाला संकेत नव्हता. संकेत होता तो आकाराला. काना, मात्रा, अर्धा ‘त’, रफार यांना रोमन अक्षरांच्या व उच्चारचिन्हांच्या जागा वाटून दिलेल्या होत्या. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाआधी दिसते म्हणून ती साठविलीही व्यंजनाआधीच जाई, जरी उच्चारात ती नंतर येते. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक दाटी उमटते.

बिघडलेल्या डिस्कवरून असा मजकूर परत मिळविताना अडचण दुहेरी होते. कोणता भाग कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे फाइलच्या सजावटीच्या माहितीत लिहिलेले असते. पुनःप्राप्तीत अनेकदा नुसत्या मजकुराचे तुकडे हाती येतात, आणि फॉन्टचे नाव त्यांच्याबरोबर येत नाही. मग तीच चिन्हे एका फॉन्टनुसार एक वाचन देतात, दुसऱ्यानुसार दुसरे. मध्ये इंग्रजी शब्द आलेला असेल तर तोही देवनागरी समजून वाचला जातो. अशा वेळी यंत्रज्ञ थांबतो आणि भाषाशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. कोणते चिन्ह सर्वांत वारंवार येते, ते काना असू शकेल काय, ‘आहे’ या शब्दाच्या जागी कोणता समूह पुनःपुन्हा येतो, वाक्याच्या शेवटी कोणता, अशा वारंवारतेच्या गणनेवरून मांडणी ओळखता येते. अज्ञात लिपी वाचण्याचीच ही रीत होय. फरक एवढाच की येथे भाषा ज्ञात आहे. युनिकोडमध्येही सर्व संशय फिटलेले नाहीत. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ या शब्दांतील ‘ऱ्य’ दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण एका क्रमाने शोधले असता दुसऱ्या क्रमाने लिहिलेला शब्द सापडत नाही. कोशकाराच्या दृष्टीने तो शब्द असून नसल्यासारखा होतो. अशा मजकुराचे परिवर्तन करणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत, पण त्यांनी दिलेला पाठ न तपासता स्वीकारणे म्हणजे लेखनिकाच्या नकलेस मूळ मानणे होय. ज्या संस्थांकडे या काळातील बोलीविषयक साहित्य मूळ फाइलींच्या रूपात आहे, त्यांनी परिवर्तित पाठाबरोबर ते मूळ आणि त्याचे फॉन्टही जपून ठेवणे इष्ट आहे.

चुंबकीय तबकडीचा हा काळ आता ओसरू लागला आहे. नव्या संगणकांत फिरणारी तबकडी नसून अर्धवाहकांची एसएसडी असते. तिच्यात हेड आपटण्याचा प्रश्नच नाही. परंतु २००९ सालच्या विंडोज ७ पासून सर्वसामान्य झालेल्या ‘ट्रिम’ या आज्ञेने पुसण्याचा अर्थ पालटला आहे : फाइल पुसली की तिची जागा मोकळी झाल्याचे साधनास कळविले जाते, आणि साधन आपल्या सवडीने ती जागा खरोखरच रिकामी करते. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये सर्व मजकूर कूटबद्ध असतो. कूटकिल्ली नष्ट झाली की शाबूत असलेले द्विमान अंकही कोणाच्या उपयोगाचे राहत नाहीत. पुसणे म्हणजे केवळ न दिसणे, हा काळ जेमतेम तीन दशकांचा ठरतो.

त्या तीन दशकांतील डिस्क मात्र आता अभिलेखागारांत येत आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांवरील लुप्त मजकूरही. मुंबईत जन्मलेले कादंबरीकार सलमान रश्दी यांचे जुने संगणक अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने त्यांच्या कागदपत्रांबरोबर २००६ मध्ये घेतले, आणि २०१० पासून त्यांपैकी एकाचा पडदा तो चालू असताना जसा दिसे तसा वाचकांस पाहावयास ठेवला. डिस्कची जी तंतोतंत प्रत अशा कामासाठी घेतली जाते तिच्यात पुसलेले मसुदे, टाकून दिलेली पत्रे, चुकून राहिलेल्या खाजगी नोंदी हे सर्व येऊ शकते. लेखकाने फाडून टाकलेला कागद संशोधकाने जुळवून वाचावा काय, हा प्रश्न जुनाच आहे. पूर्वी तो क्वचित उपस्थित होई, आता प्रत्येक डिस्कबरोबर होतो. २०१० मध्ये मॅथ्यू कर्शनबॉम, रिचर्ड ओव्हेंडेन आणि गॅब्रिएला रेडवाइन यांनी या विषयावर लिहिलेल्या अहवालात, पुसलेल्या फाइलींचे काय करावयाचे हे संग्रह स्वीकारतानाच देणगीदाराशी बोलून ठरवावे असे सुचविले आहे. मराठी लेखकांचे आणि संशोधकांचे संगणक आपल्या ग्रंथालयांत येऊ लागतील तेव्हा करारपत्रात हे कलम प्रथम घालावे लागेल, आणि ते मराठीत लिहिताना ‘लोप’ व ‘नाश’ हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतील.